हसूरचंपूचा विमानवाला

डोंबिवलीहून काटई नाक्यावरून बदलापूरच्या दिशेने निघालात की वाटेत नेवाळी नाका लागतो. पावसाळ्यात मलंगगडाकडे निघालेल्या बाईकवाल्यांचा हा चहाचा ठरलेला स्टॉप. कटिंग हातात घेऊन उभ्या असलेल्या कितीजणांना माहीत असतं, की इथून जवळच दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी आहे? ब्रिटिशांनी युद्धाच्या काळात आसपासच्या गावांमधली सोळाशे एकरांहून जास्त जमीन घेतली, ती विमानं उतरवायला. युद्ध संपलं, ब्रिटिश गेले, जमिनीचा प्रश्न मात्र इथेच राहिला. जून २०१७ मध्ये त्यावरून शेतकऱ्यांचं आंदोलन पेटलं, तेव्हा नेवाळी सगळ्या न्यूज चॅनेल्सवर होतं. तो विषय वेगळा आणि मोठा आहे. आज सांगायचंय ते एका माणसाबद्दल.

कल्याणजवळ ब्रिटिशांच्या विमानांसाठी धावपट्टी झाली, साधारण त्याच काळात बंगळुरूमध्ये कोल्हापूरकडचा एक इंजिनिअर आपल्या देशाचं पहिलं विमान कागदावर आखत होता. त्या विमानाला इंजिनच नव्हतं.

डॉ. विष्णू माधव घाटगे. नाव ऐकलंय? एरोनॉटिकलच्या पोरांनी ऐकलं असेल. बाकीच्यांनी ऐकलं नसेल तर लाजू नका, ही स्टोरी हातात येईपर्यंत मीही ऐकलं नव्हतं. आणि मी तर सूर्यकिरणचे व्हिडीओ रिपीटवर बघणाऱ्यांपैकी. ते का सांगितलं, ते पुढे येईल.

घाटग्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ चा, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या गावचा. राइट बंधूंचं पहिलं उड्डाण होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. म्हणजे विमान आणि घाटगे हे जवळपास एकाच वयाचे. इथलं शिक्षण आटोपून ते जर्मनीला गेले, गटिंगेन विद्यापीठात. आज आपण एखाद्या कॉलेजचं नाव काढलं की आधी पॅकेज विचारतो. गटिंगेनचं नाव काढलं की तेव्हाचे लोक एक माणूस आठवायचे : लुडविग प्रांटल.

प्रांटलने काय केलं ते समजायला लोकल ट्रेनच्या पंख्याकडे बघा. दिवसभर गरगर फिरतो, तरी पात्यांवर काळ्या धुळीचा थर तसाच. एवढ्या वाऱ्यात धूळ उडून का जात नाही? कारण पात्याला अगदी चिकटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरते, तिथे वारा जवळपास नसतोच. पृष्ठभागालगतचा हवेचा हा पातळ थर प्रांटलने १९०४ मध्ये गणितात पकडला आणि विमानाच्या पंखावर किती ओढ बसते, पंख कधी दगा देतो, हे हिशोबाने काढता येऊ लागलं. आधुनिक विमानशास्त्र ज्या पायावर उभं आहे, त्यातला हा मोठा दगड. घाटग्यांनी १९३६ मध्ये या प्रांटलच्या हाताखाली पीएचडी मिळवली. काळ कोणता, तर हिटलर सत्तेवर येऊन तीन वर्षं झालेली. गटिंगेनच्या गणित आणि भौतिकशास्त्र विभागातले नावाजलेले ज्यू प्राध्यापक हाकलले गेले होते. अशा जर्मनीतून जगातलं सर्वांत पुढचं विमानशास्त्र शिकून हा माणूस परत आला, ते विमान न बनवणाऱ्या देशात.

नोकरी करायची तर कुठे? हा प्रश्न तेव्हाही होताच. त्याचं उत्तर एका सोलापूरकराने दिलं. वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरूत म्हैसूर संस्थानच्या मदतीने ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ सुरू केली. हीच पुढे एचएएल झाली. घाटगे १९४० मध्येच तिथे दाखल झाले. सुरुवातीला काम होतं अमेरिकन विमानांचे सुटे भाग जोडण्याचं. पुढे युद्धाच्या रेट्यात सरकारने कारखाना ताब्यात घेतला आणि तिथे दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीची रांग लागली. म्हणजे कारखाना आपल्या जमिनीवर, हात आपले आणि डिझाइन दुसऱ्याचं.

त्या धबडग्यात घाटग्यांनी एक ग्लायडर डिझाइन केलं. नाव जी-१. दहा माणसं बसतील असं, सैनिक वाहून नेण्यासाठी. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान : दुसऱ्या विमानाने दोरीने ओढत वर न्यायचं, सोडून द्यायचं आणि मग ते हवेवर तरंगत खाली येतं. ते एकच बनलं, पुढे काही झालं नाही. पण भारतात डिझाइन झालेलं पहिलं विमान म्हणून नोंद त्याचीच होते. इंजिन आपल्याकडे नव्हतं, म्हणून जे इंजिनाशिवाय जमेल ते आधी केलं, असं मला यात दिसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

एक विमान बनवून भागत नाही, बनवणारी माणसं लागतात. डिसेंबर १९४२ मध्ये बंगळुरूच्याच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचा विभाग सुरू झाला, त्याची घडी बसवण्यात घाटगे होते. कारखान्यात ड्रॉइंग बोर्ड आणि संस्थेत फळा, अशी दोन्हीकडची कामं. आज आपल्याकडे एरोनॉटिकलच्या जागा सीईटीच्या यादीत सहज सापडतात. त्या यादीची सुरुवात कुठून झाली, तर तिथून.

स्वातंत्र्यानंतरचा एक किस्सा इथे सांगायलाच हवा, तो घाटग्यांचा नसला तरी. युद्ध संपल्यावर कानपूरला लिबरेटर जातीची अमेरिकन बनावटीची बॉम्बफेकी विमानं भंगार करून टाकली गेली होती, पुन्हा कुणी वापरू नयेत म्हणून. एचएएलच्या लोकांनी त्यातली चाळीसच्या आसपास विमानं जोडजाड करून उडवली आणि ती हवाई दलात दाखल झाली. कानपूरहून बंगळुरूला ती उडवत आणणारा पायलट होता कॅप्टन जमशेद मुन्शी. अर्धवट ठोकठाक केलेलं चार इंजिनांचं धूड घेऊन अख्खा देश ओलांडायचा! हा मुन्शी आपल्या गोष्टीत लगेच पुन्हा येतो.

ऑगस्ट १९५१. बंगळुरूच्या धावपट्टीवर दोन सीटचं, संपूर्ण धातूचं, एका पंख्याचं छोटं विमान उभं होतं. एचटी-२. डिझाइन घाटगे आणि त्यांच्या टीमचं, चालवायला जमशेद मुन्शी. ते उडालं आणि भारतात डिझाइन होऊन नियमित उत्पादनात गेलेलं पहिलं विमान ठरलं. इंजिन ब्रिटिश, सिरस मेजर, १५५ हॉर्सपॉवरचं. आजच्या मोठ्या एसयूव्हीला याहून जास्त ताकद असते. पण नवशिक्या पायलटला एवढी पुरे. १७० च्या आसपास एचटी-२ बनली. हवाई दलाच्या पायलटांच्या कित्येक बॅचेसनी पहिल्यांदा जमीन सोडली ती यातून. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या घाना देशाने आपलं हवाई दल उभारताना यातली बारा विकत घेतली. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मेड इन इंडिया विमान एक्स्पोर्ट झालं होतं, हे मला कुठल्याच पुस्तकात कुणी शिकवलं नाही.

त्यानंतर १९५८ मध्ये पुष्पक. हे तर आणखी साधं, कापड चढवलेलं, फ्लाइंग क्लबांत शिकाऊ लोकांसाठी. मग कृषक, लष्कराच्या टेहळणीचं. ही विमानं युद्धाच्या सिनेमात दिसत नाहीत. त्यांच्यावर कुणी रील बनवत नाही.

आता मारुत.

१९५० च्या दशकात हवाई दलाला हवं होतं एक असं लढाऊ विमान, जे आवाजाच्या दुप्पट वेगाने उडेल आणि आकाशातल्या लढाईपासून जमिनीवरच्या माऱ्यापर्यंत सगळं करेल. तोवर आपण काय बनवलं होतं? एचटी-२. स्कूटी बनवणाऱ्याला फॉर्म्युला वनची ऑर्डर मिळावी, तसा प्रकार. म्हणून १९५६ मध्ये कुर्ट टांक यांना बोलावलं गेलं. महायुद्धातलं जर्मनीचं गाजलेलं फॉक-वुल्फ १९० हे फायटर त्यांचं. युद्ध हरल्यावर ते अर्जेंटिनाला गेले, तिथली सत्ता उलथली, मग आपले काही जर्मन सहकारी घेऊन बंगळुरूला आले.

ते आले तेव्हा एचएएलच्या डिझाइन विभागात एकूण माणसं ५४. त्यातले सीनियर भारतीय डिझायनर तीन. प्रोटोटाइप ठेवायला धड हँगर नाही, सांगाडा दाबून-वाकवून तपासायची यंत्रं नाहीत, चाचणी उड्डाणांची प्रयोगशाळा नाही. हे सगळं विमानाबरोबरच उभं करायचं होतं. टांक प्रमुख होते आणि मारुत त्यांच्याच नावाने ओळखलं जातं, ते बरोबरच आहे. पण ज्या खोलीत ते येऊन बसले, ती खोली, तिथली टेबलं, तिथली माणसं सोळा वर्षं आधीपासून कुणीतरी जमवत आणलेली होती. गटिंगेनमध्ये शिकलेल्या घाटग्यांना जर्मन पद्धत परकी नव्हती, हेही काही कमी नाही. मारुतच्या कामात त्यांचाही वाटा होता आणि त्यांच्या कामाच्या यादीत एचएफ-२४ मारुत हे नाव घेतलं जातं.

आणि मारुतची पहिली पायरी काय होती माहितीये? ग्लायडर! पूर्ण आकाराचं, लाकडी, बिनइंजिनाचं मारुत. डकोटा विमानाला बांधून ते वर न्यायचे आणि सोडून द्यायचे. १९५९ पासून त्याची ७८ उड्डाणं झाली. पंखांचा आकार बरोबर आहे का, उतरताना विमान कसं वागतं, हे सगळं जेट इंजिन बसवायच्या आधी अशा स्वस्तातल्या मार्गाने तपासून घेतलं. खरं मारुत उडालं १७ जून १९६१ ला. पायलट विंग कमांडर सुरंजन दास. आशियात, सोव्हिएत संघ सोडला तर, स्वतःचं जेट फायटर डिझाइन करून उत्पादनापर्यंत नेणारे आपण पहिल्यांपैकी.

विमान दिसायला देखणं. कमरेत बारीक, पंख मागे झुकलेले, नाक सुईसारखं. ती कमर फॅशनसाठी नव्हती. आवाजाच्या वेगाजवळ गेलं की पंखांपाशी हवेचा अडसर वाढतो, म्हणून तिथे धड बारीक करायचं. नाकात ३० मिलिमीटरच्या चार तोफा, पोटात आत ओढून घेता येणारा रॉकेटांचा संच, पंखांखाली चार बॉम्ब.

घोडं अडलं ते इंजिनाशी. मारुतचा आराखडा ब्रिटिश ऑर्फियस इंजिनाच्या एका नव्या, ताकदवान आवृत्तीभोवती केला होता. आफ्टरबर्नर लावून ते प्रत्येकी ३,७०० किलोच्या आसपास जोर देणार होतं. ब्रिटिशांनी मध्येच त्याचं काम थांबवलं आणि पुढे विकसित करायचं तर खर्च तुम्ही द्या म्हणाले. आपल्या सरकारने पैसे दिले नाहीत. रक्कम पुढच्या नुकसानीच्या मानाने मोठी नव्हती, असं मागे वळून बघताना वाटतं. अर्थात तेव्हा परकीय चलनाची काय मारामार होती, हे मी आज मोबाईलवरून यूपीआय करताना बोलणं सोपं आहे. शेवटी नॅट विमानासाठी एचएएलमध्ये बनत होतं तेच छोटं ऑर्फियस ७०३ बसवलं. जोर २,२०० किलो. दोन इंजिनं लावूनही विमान आवाजाचा वेग जेमतेम गाठायचं. दुपटीची बात संपली.

मग इंजिनासाठी दारोदार फिरणं सुरू झालं. इजिप्तमध्ये एक इंजिन तयार होत होतं, म्हणून एक मारुत तिकडे नेऊन १९६७ मध्ये त्यावर उडवून पाहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये इजिप्तचं इस्रायलशी युद्ध झालं आणि पुढे ते सगळं बारगळलं. टांकही त्याच वर्षी भारत सोडून गेले. इथे आपल्या लोकांनी ७०३ लाच आफ्टरबर्नर जोडून बघितला. १० जानेवारी १९७० ला त्या प्रयोगातलं मारुत बंगळुरूत उडताच कोसळलं. आत सुरंजन दास होते. पहिलं मारुत ज्याने उडवलं, तोच माणूस गेला. ज्या रस्त्यावर एचएएलची वस्ती आहे, त्याला आज सुरंजन दास रोड म्हणतात.

तरी मारुत फेल गेलं असं म्हणणाऱ्यांना डिसेंबर १९७१ बघायला सांगा. हवाई दलाकडे तेव्हा मारुत वापरणारी तीन स्क्वाड्रन्स होती आणि हे विमान आता जमिनीवरच्या माऱ्यासाठी वापरलं जात होतं. या कामात वेगाचे विक्रम करायचे नसतात. अगदी खालून, वाळूच्या टेकड्या ओरबाडत जायचं, रणगाडे, रेल्वे, पुरवठ्याच्या गाड्यांचे ताफे गाठायचे आणि खालून येणाऱ्या गोळ्या सहन करून परत यायचं. खालच्या उंचीवर मारुत दगडासारखं स्थिर असायचं. राजस्थानातल्या जोधपूर आणि उत्तरलाई तळांवरून त्यांनी दोन आठवड्यांत तीनशेहून अधिक मोहिमा केल्या. निदान तीन वेळा तरी असं झालं, की गोळी लागून एक इंजिन बंद पडलं आणि मारुत दुसऱ्यावर घरी आलं. त्यातलं एक शत्रूच्या हद्दीत साधारण २४० किलोमीटर आत होतं, सोबत कुणी नव्हतं. हायड्रॉलिक्स निकामी झाले तर कंट्रोल आपोआप हाताच्या जोरावर येत, तसंही काही पायलट विमान ओढत घेऊन आले. जमिनीवरून झालेल्या माऱ्यात काही मारुत आपण गमावली, पण हवाई लढाईत एकही नाही. उलट ७ डिसेंबरला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून पाकिस्तानचं सेबर पाडलं. मारुतच्या पायलटांना तीन वीरचक्रं मिळाली.

सगळं छान होतं असं नाही. चारही तोफा एकदम चालवल्या की विमान थरथरायचं, ही तक्रार शेवटपर्यंत पुरती गेली नाही. एकूण १४७ बनली, त्यात १८ दोन सीटची. १९८० च्या दशकात ती हळूहळू बाजूला काढली. कित्येकांचं उडण्याचं आयुष्य अजून बाकी होतं, हे वाचून वाईट वाटतं.

मारुतच्या या धावपळीत घाटगे दुसरंच काहीतरी करत होते. हवाई दलाच्या पोरांना एचटी-२ वरून थेट जेटवर कसं न्यायचं? मध्ये एक पायरी हवी होती. जेट ट्रेनर. त्यासाठी घाटग्यांच्या नेतृत्वाखाली एक टीम लागली आणि ४ सप्टेंबर १९६४ ला किरण उडालं. सुरंजन दासच चालवत होते. वैपर जातीचं एक इंजिन, शिक्षक आणि विद्यार्थी शेजारीशेजारी. समोर-मागे बसलं की शिकणाऱ्याचे हात काय करताहेत ते शिक्षकाला दिसत नाही, शेजारी बसलं की दिसतं. ड्रायव्हिंग क्लासच्या गाडीत आपले सर डाव्या सीटवर बसून डोळे वटारतात, तसंच.

हे विमान बॉम्बफेकीसाठी नव्हतं. पण नंतर त्याची मार्क टू आवृत्ती आली, पहिलं उड्डाण १९७६ चं. नाकात दोन मशिनगन, पंखांखाली शस्त्रं टांगायला चार जागा, म्हणजे गरज पडली तर हलका हल्लाही करेल. आणि इंजिन? ऑर्फियस. जे मारुतला अपुरं पडलं, त्याच घरातलं इंजिन घाटग्यांच्या छोट्या विमानाला मात्र अगदी मापात बसलं. दोन्ही आवृत्त्या धरून अडीचशेच्या आसपास किरण बनली, म्हणजे मारुतपेक्षा शंभराने जास्त.

आता सूर्यकिरण. १९९६ मध्ये हवाई दलाची ही एरोबॅटिक टीम तयार झाली, ती याच किरण मार्क टूवर. लाल-पांढऱ्या रंगाची नऊ विमानं, एकमेकांच्या पंखाला पंख लावून. २०११ पर्यंत किरण, नंतर ब्रिटिश हॉक. जुन्या व्हिडीओंमध्ये धूर सोडत हार्ट काढणारं विमान दिसतं ना, ते हसूरचंपूच्या माणसाचं. मी ते व्हिडीओ शाळेपासून बघतेय. खाली डिझायनरचं नाव लिहिलेलं नसतं आणि मला कधी ते शोधावंसंही वाटलं नाही, हे कबूल करते.

१९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते गेले, वय ८३. मारुत तोवर ताफ्यातून बाहेर गेलं होतं, किरण उडत होतं. बंगळुरूत एचएएलच्या परिसरात त्यांच्या नावाचं एक सभागृह आहे. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडियाचा एक पुरस्कारही त्यांच्या नावाने दिला जातो. इकडे आपल्याकडे त्यांच्या नावाने काही आहे असं मला सापडलं नाही. असलं तर जरूर कळवा, पुढच्या आठवड्यात छापू.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कसाऱ्याच्या पलीकडे, नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून तेजसचं नवं विमान पहिल्यांदा उडालं. महाराष्ट्रात तयार झालेलं, डिझाइन भारतीय. इंजिन मात्र अमेरिकन, आणि तीच इंजिनं वेळेवर मिळेनात म्हणून हवाई दलाला विमानं मिळायला उशीर होत होता.

रविवारी नेवाळी नाक्यावर पुन्हा गेले होते. चहावाल्या काकांना विचारलं, इथे कधी विमान उतरलेलं पाहिलंय का. ते हसले आणि मलंगगडाच्या बाजूला हात दाखवला. तिथून एक विमान मुंबईच्या दिशेने खाली येत होतं.